खोटी सुई

मंडळी, आपल्या भाषेत भीती पोटातच राहते. निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो, रात्री-अपरात्री फोन वाजला की पोटात खड्डा पडतो. ओपीडीतही हेच दिसतं. आयबीएसचा, म्हणजे आतड्यांत दोष दिसत नसूनही पोट सतत बिघडण्याच्या आजाराचा पेशंट येतो. कधी मुरडा, कधी जुलाब, कधी चार-चार दिवस पोट साफ नाही. तपासण्या साऱ्या नॉर्मल. आणि त्यातल्या बऱ्याच जणांना चिंतेचाही त्रास असतो. मग एक दिवस प्रश्न येतो, "डॉक्टर, ॲक्युपंक्चर करून बघू का?" म्हणजे अंगात बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार.

सुयांची ही कीर्ती अमेरिकेत पसरली तीसुद्धा एका पोटामुळेच. १९७१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री पोट फुगून त्रास झाला, तेव्हा कोपरात आणि गुडघ्याखाली सुया टोचल्या. तासाभरात आराम पडला, असं त्यांनी लिहिलं. पुढे लोकांनी गोष्टच बदलली आणि ऑपरेशनच सुयांवर झालं म्हणू लागले. भूल नेहमीच्या इंजेक्शनांनीच दिली होती! आपल्याकडे ही विद्या आणली डॉ. बिजॉयकुमार बसूंनी. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या पथकातले हे कलकत्त्याचे डॉक्टर.

पण ऑपरेशननंतरचा गॅस काही वेळानं आपोआपही सरतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली नाही कशावरून? गोळीची परीक्षा सोपी असते, तशीच दिसणारी साखरेची गोळी करता येते. सुईचं काय करायचं? टोचलं की नाही, हे माणसाला कळतंच. १९९८ मध्ये जर्मनीतल्या स्ट्राइटबर्गर यांनी तोड काढली. नाटकातल्या खंजिराचं पातं मुठीत जातं ना, तशी सुई. बोथट टोक कातडीला टेकतं, सुई मुठीत सरकते आणि आत गेल्यासारखी दिसते. एक पळवाट मात्र उरतेच. टोचणाऱ्याला खरं-खोटं माहीत असतं, आणि त्याचा चेहरा बोलतो.

बोस्टनमधल्या टेड कॅपचक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पळवाटेलाच प्रयोगात घेतलं. मला हा प्रयोग फार आवडतो. २००८ साली तो छापून आला. आयबीएसचे २६२ पेशंट, तीन गट. पहिल्या गटाला नुसतं थांबायला सांगितलं. दुसऱ्याला खोट्या सुया, पण बोलणं पाच मिनिटांच्या आत. तिसऱ्यालाही त्याच खोट्या सुया, पण आधी पाऊण तास गप्पा: त्रास कधी वाढतो, घरी काय चाललंय, तुम्हाला काय वाटतं? नाडी धरून वीस सेकंद विचारमग्न शांतता, हेसुद्धा ठरवून! तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला म्हणणारे किती? थांबलेल्यांत २८ टक्के, मुकाट सुयांत ४४, आणि गप्पांसकट ६२. खरी सुई अजून कुणालाच लागलेली नव्हती.

ती पुढच्या टप्प्यात लागली. २३० जणांत खऱ्या सुयांनी ४१ टक्क्यांना बरं वाटलं, खोट्यांनी ३२ टक्क्यांना. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं संख्याशास्त्र म्हणतं. २०१२ मध्ये कॉक्रेननं, म्हणजे उपचारांवरचे प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनं, आयबीएसवरचे ॲक्युपंक्चरचे १७ प्रयोग तपासले. जिथे खोटी सुई होती, तिथे खरी तिच्याहून सरस ठरली नाही. चीनमधल्या काही प्रयोगांत औषधांपेक्षा सुया बऱ्या ठरल्या होत्या, पण तिथे आपल्याला काय मिळतंय हे पेशंटला ठाऊक होतं.

म्हणून सगळंच खोटं म्हणू नका हं. २०१६ मध्ये चीनमध्येच जुनाट, तीव्र बद्धकोष्ठतेच्या १०७५ पेशंटवर विजेच्या सुयांचा, म्हणजे टोचलेल्या सुयांतून सौम्य वीज सोडण्याचा प्रयोग झाला. आठ आठवडे, २८ बैठका. आठवड्याला तीनदा तरी पोट नीट साफ होऊ लागलेले ३१ टक्के, खोट्या सुयांत १२. हा फरक मी हसण्यावारी नेणार नाही, मात्र दुसऱ्या देशात तो पुन्हा दिसलेला पाहायला मला आवडेल. सुयांनी चिंता कमी होते का, हे गणित याहून अवघड. ती मोजायची प्रश्नावलीनं, आणि वीस मिनिटं शांत खोलीत पडून राहिलं तरी आकडा खाली येतो.

तेव्हा पेशंटनं विचारलं की मी उलट विचारतो, ते ॲक्युपंक्चरवाले तुमच्याशी किती वेळ बोलतात? सुया नव्या, पाकिटातल्या आहेत ना? आणि शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर सुया राहू द्या, आधी माझ्याकडे या.