टाइपरायटरपुढची मारियान

मित्रहो, 'मारियान अँड लेनर्ड: वर्ड्स ऑफ लव्ह' ही फिल्म संपली, दिवे लागले, तरी कुणी जागचं हललं नाही. मलाही लगेच बोलणं जड जातंय. जुलै 2016, ऑस्लो. मारियान इलेन अंथरुणाला खिळलेली आणि तिच्या एकेकाळच्या प्रियकराचा, कवी-गायक लेनर्ड कोहेनचा, निरोप तिला वाचून दाखवला जातोय. मी तुझ्या मागोमागच आहे, हाताच्या अंतरावर, अशा अर्थाचा. 28 जुलैला ती गेली. 7 नोव्हेंबरला तोही गेला.

निक ब्रूमफील्ड यांची ही डॉक्युमेंटरी फिल्म 2019 ची, पण तिचं बीज 1968 मधलं. विशीतला निक तेव्हा ग्रीसच्या हायड्रा बेटावर गेला होता. तिथे मारियान भेटली, काही काळ तो तिचा प्रियकरही होता, आणि फिल्म करायची उभारी त्याला तिनेच दिली. म्हणून यातला हळवेपणा मला उसना वाटत नाही. सांगणाऱ्याचंही काहीतरी त्या बेटावर राहून गेलेलं आहे.

हायड्रावर मोटारी नाहीत, आजही सामान गाढवांच्या पाठीवरून चढ चढतं. आजीकडून वारशाने आलेल्या पैशांतून कोहेनने 1960 मध्ये तिथे दीड हजार डॉलरला घर घेतलं. मारियानचं लग्न मोडत आलेलं, पदरात तान्हं मूल. ती दोघं कोहेनकडे राहायला आली. त्याच्या दुसऱ्या अल्बमच्या मागच्या बाजूचा फोटो आठवा. पांढऱ्या भिंतींची खोली, अंगाला टॉवेल गुंडाळलेली मारियान त्याच्या टाइपरायटरपुढे बसून वळून हसतेय. कोहेनच सांगायचा, की त्याच्या टेबलावर ती अनंताचं फूल ठेवायची, दुपारी सँडविच आणून द्यायची. ते फूल कुणीतरी खुडून आणायचं, घर आवरायचं, मूल सांभाळायचं, तेव्हा कुठे त्याची पानं भरायची. अशा बाईला 'प्रेरणा' म्हटलं की आपण मोकळे होतो! तिचे कष्ट त्या एका शब्दात कुठे मावतात? आणि बेटावरच्या त्या मुक्त जगण्याची झळ त्या मुलाला किती लागली, हे फिल्म लपवत नाही. याबद्दल मी ब्रूमफील्ड यांचा ऋणी आहे.

एक तक्रार मात्र आहे. उत्तरार्धात कोहेनचे दौरे, प्रसिद्धी, तो जिथे राहिला तो कॅलिफोर्नियातला झेन बौद्ध मठ यांतच फिल्म रमते आणि मारियान हातातून निसटते. (मठातून बाहेर पडल्यावर 1999 मध्ये कोहेन आपल्या मुंबईत आला होता, रमेश बाळसेकरांकडे. निसर्गदत्त महाराजांचं मराठी बोलणं इंग्रजीत सांगणारे ते हेच बाळसेकर.)

पण ती परत येते. ऑस्लोत कोहेनचा कार्यक्रम, पुढच्या रांगेत केस पिकलेली मारियान. तो तिच्या नावाचं गाणं सुरू करतो, आणि बघा, तिचे ओठ त्याच्याबरोबर हलताहेत.