‘स्मोक ऑन द वॉटर’ : जळालेल्या कॅसिनोची हकिगत

मंडळी, आत्ता आपण डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’, म्हणजे ‘पाण्यावरचा धूर’, या गाण्याचा रिफ ऐकला. रिफ म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून. हा रिफ गिटार शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या काही दिवसांतच वाजवून पाहतो. मोजून बारा सूर. आपल्या सरगममध्ये सांगायचं तर सा, कोमल ग, शुद्ध म. मग सा, कोमल ग, तीव्र म आणि लगेच उतरून शुद्ध म. पुन्हा सा-ग-म, आणि शेवटी ग-सा. चार स्वरांत सगळं आटोपलं. पण बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर हे एकेका तारेवर वाजवत नाही. प्रत्येक सुराखाली तो, सा ते शुद्ध म इतकं अंतर सोडून, आणखी एक सूर ठेवतो आणि दोन्ही तारा बोटांनी एकदम उचलतो. पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने, मारलं की एक तार आधी वाजते, दुसरी मागून येते. इथे दोन्ही एकाच क्षणी सुटतात, म्हणून हा रिफ इतका ठोस ऐकू येतो.

या बारा सुरांचं कौतुक सगळेच करतात. मला आज शब्दांची बाजू घ्यायची आहे. कारण हे गाणं म्हणजे अक्षरशः एक वृत्तांत आहे. आपला शाहीर पोवाड्यात ठिकाण सांगतो, माणसांची नावं घेतो, काय घडलं ते क्रमाने मांडतो, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे कोणी लढाई जिंकत नाही.

डिसेंबर 1971. डीप पर्पलचे पाच जण, म्हणजे ब्लॅकमोर, गायक इयन गिलन, बास गिटारवर रॉजर ग्लोव्हर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रम्सवर इयन पेस, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या माँत्रूला आले होते. रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे गाडीत बसवलेली ध्वनिमुद्रणाची सोय, त्यांनी भाड्याने घेतला होता. हंगाम संपून तिथला कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद होणार होता. मग त्या रिकाम्या सभागृहात अल्बम करायचा, असा बेत.

त्याआधी तिथे एकच कार्यक्रम उरला होता, 4 डिसेंबरला, अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपा आणि त्यांच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या बँडचा. ऐन कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्यासाठी पेटता गोळा उडवणारं पिस्तूल, छताकडे झाडली. छत वेताचं. आग पसरली. झॅपांनी लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितलं. माँत्रूचा जाझ महोत्सव सुरू करणारे क्लोद नोब्स आत जाऊन पोरांना बाहेर काढत राहिले. गाण्यात त्यांचं नाव आलं आहे ते या धावपळीमुळे, आणि ते येणं मला फार मोलाचं वाटतं. कॅसिनो पूर्ण जळाला, झॅपांची वाद्यं आणि सामान गेलं, पण जीव कोणाचाही गेला नाही.

बँडने हॉटेलातून सरोवरावर पसरलेला धूर पाहिला. काही दिवसांनी ग्लोव्हर झोपेतून उठला तो हे शीर्षक तोंडात घेऊनच. नशेचं गाणं वाटेल, अशी शंकाही बँडमध्ये निघाली.

आता राहायची सोय होती, पण वाजवायची जागा गेली होती. पॅव्हिलियन नावाचं नाट्यगृह मिळालं. तिथे रात्री हा रिफ वाजायला लागला आणि आसपासच्यांची झोप उडाली. पोलीस आले. बँडची सामान वाहणारी पोरं दरवाज्यांना आतून रेटून उभी राहिली, पोलीस बाहेरून ठोठावत होते, आणि आत ध्वनिमुद्रण पूर्ण होत होतं. आपण ऐकतो तो वाद्यांचा मूळ भाग त्या रात्रीचा आहे!

त्यानंतर हाकलले गेल्यावर हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या थंडगार बोळात, भिंतींना गाद्या लावून, उरलेला अल्बम, ‘मशीन हेड’, उभा राहिला. फिरत्या स्टुडिओच्या गाडीपर्यंत जायची वाट इतकी आडवळणाची होती की केलेलं ऐकायला जाणंच त्यांनी सोडून दिलं. शेवटी अल्बम काही मिनिटांनी कमी पडतोय असं दिसलं, तेव्हा पॅव्हिलियनमधला तो तुकडा बाहेर काढला आणि त्यावर घडलं ते सगळं लिहिलं. झॅपा, आग, नोब्स, रिकामं हॉटेल, फिरता स्टुडिओ, सगळं.

मार्च 1972 मध्ये अल्बम आला. बँडचा भरवसा त्यातल्या ‘नेव्हर बिफोर’ या गाण्यावर होता, सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची वेगळी तबकडी, म्हणून तेच निघालं. ‘स्मोक’ अमेरिकेत सिंगल म्हणून यायला 1973 उजाडलं. ते बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच उन्हाळ्यात गिलन आणि ग्लोव्हर बँड सोडून गेले होते. मला याचं आजही वाईट वाटतं. ज्या दोघांनी शब्द लिहिले, तेच यशाच्या वेळी बँडमध्ये नव्हते. पुढे ते परतले, आणि 1995 मध्ये बँड मुंबईत वाजवायला आला तेव्हा दोघेही सोबत होते.

आता दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकू. आधी अल्बममधलं, मग ऑगस्ट 1972 मधलं, जपानमधल्या ओसाकाच्या कार्यक्रमातलं. अल्बममधल्यात आधी एकटी गिटार आहे. मग हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) आणि ऑर्गन येतात, त्यानंतर बाकीचे ड्रम्स, आणि बास सर्वांत शेवटी. लॉर्डचा हॅमंड (विजेवर चालणारा) ऑर्गन गिटारसाठीच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून जातो, म्हणून तो गिटारइतकाच खरखरीत लागतो. हा ऑर्गन नेमका कुठे सुरू होतो, तेवढं कान देऊन ऐका.