मार्चमधला तांबट

(पक्षी सप्ताहानिमित्त ठाण्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडंफार संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘ताणमुक्तीसाठी छंद’ असा छापलाय. तो वाचून मला खोकल्याचा काढाच आठवला. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे छंद, जेवणानंतर. कार्यकर्त्यांनी रागावू नये, पण मुक्ती वगैरे माझ्या आवाक्यातलं नाही. एकतीस वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काढली, रोज ठाणे ते सीएसएमटी आणि परत. मुक्ती काही मिळाली नाही. मिळाली ती अधूनमधून वीस मिनिटांची मधली सुट्टी, आणि तीही एका पक्ष्याच्या कृपेने. तेवढंच सांगण्यासारखं आहे माझ्याकडे.

‘मार्च एंडिंग’ म्हटल्यावर इथे किती जणांच्या पोटात गोळा येतो? हात वर करू नका, चेहऱ्यांवर दिसतंय. तर अशाच एका मार्चमध्ये बँकेचं स्टेटमेंट आणि आमची वही यांत ४,३१८ रुपयांचा फरक येत होता. रक्कम कंपनीच्या दृष्टीने चणे-फुटाणे, पण फरक तो फरक. रविवारी सकाळी सगळी भेंडोळी घेऊन मी गॅलरीत बसले होते, हातात लाल पेन. नवऱ्याने आणून ठेवलेला चहा कधीच गार झालेला. आणि कुठून तरी सुरू झालं: टुक, टुक, टुक, टुक. अगदी एका मापात. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी नळाचं काम काढलंय. रविवारी सकाळी! मी तणतणत वॉचमनला इंटरकॉम लावला. तो म्हणाला, “मॅडम, काम कुणाकडेच नाही. तो पक्षी आहे. समोरच्या उंबरावर रोज असतो.”

रोज असतो. आणि मी त्या घरात तेव्हा बारा वर्षं राहत होते.

मग माझ्यातली अकाउंटंट जागी झाली. आवाज आहे तर तो कुठून तरी येत असणार, हिशेब लागलाच पाहिजे. मी कठड्याला टेकून शोधायला लागले. आवाज डावीकडून यायचा, तिकडे बघावं तर उजवीकडून. हा पक्षी ओरडताना मान या बाजूची त्या बाजूला करत असतो, त्यामुळे आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते आणि ऐकणारा फसतो. मला हे तेव्हा कुठलं माहीत! मी आपली एकेक फांदी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तपासत बसले, लेजरची पानं तपासावीत तशी. शेवटी सापडला तो शेंड्याच्या वाळक्या काटकीवर, उन्हात. चिमणीएवढा जीव, पण जरा गुटगुटीत. हिरवट अंग, पिवळा गळा, डोळ्याभोवती पिवळा रंग, आणि कपाळावर लालभडक मळवट भरल्यासारखा पट्टा. गंमत म्हणजे चोच मिटलेली. मिटल्या चोचीने ओरडत होता! दर ‘टुक’ला गळा फुग्यासारखा फुगायचा आणि सगळं अंग हलायचं.

हा तांबट. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून तांबट. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी लहानपण काढलं असेल त्यांना वेगळं सांगायला नको. मिनिटाला शंभर-सव्वाशे ठोके पडतात आणि न थांबता दोन-दोनशे ठोके घालू शकतो. मुंबईचा हा शहरपक्षी आहे, तरी मुंबईकराने तो ऐकलेला असतो पण बघितलेला नसतो.

घरात आले तेव्हा घड्याळात वीस मिनिटं पुढे सरकली होती. त्या वीस मिनिटांत ४,३१८ हा आकडा माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. आता तुम्हाला वाटेल, बाई म्हणणार की परत बसले आणि फरक पटकन सापडला. छे हो. फरक तसाच होता. तो मंगळवारी आमच्या ऑफिसातल्या एका नव्या मुलाला सापडला, एक चेक दोनदा लिहिला गेला होता. पण दुपारी मी जेवले नीट, आणि कुणावर खेकसले नाही. घरच्यांनी नोंद घेतली.

पुढे मी विचार करत राहिले की असं झालं काय? विश्रांती म्हणावी तर मी टीव्हीसमोरही पाय पसरून बसायचे. पण तिथे अर्धं डोकं ऑफिसातच असायचं. समोर मालिका आणि आत टॅली, दोन्ही एकदम चालायचं. तांबट शोधताना तसं चालत नाही. पान हललं ते वाऱ्याने की पक्ष्याने, एवढ्याशा प्रश्नाला पुरं लक्ष द्यावं लागतं. आणि उत्तर चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या मते सगळं मर्म या दुसऱ्या वाक्यात आहे. दिवसभर आपण जी कामं करतो त्यात चुकलं की कुणाचं तरी बिघडतं: साहेबांचं, गिऱ्हाईकाचं, पोराच्या डब्याचं. चुकायची मुभा असलेलं काम मोठ्या माणसाच्या वाट्याला फार कमी येतं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे तेराशे लोकांना मोबाइलवरून दिवसातून तीनदा विचारलं, आत्ता पक्षी दिसतोय का, ऐकू येतोय का, आणि तुम्हाला कसं वाटतंय. पक्षी दिसला-ऐकला की लोकांना बरं वाटत होतं, आणि तो परिणाम आठ तासांपर्यंत टिकत होता. ज्यांना नैराश्याचं निदान झालेलं होतं त्यांच्यातही हे दिसलं. मी हिशेबातली बाई, त्यामुळे हेही सांगते की ही बहुतेक माणसं युरोप-अमेरिकेतली होती, डोंबिवली फास्टमध्ये लोंबकळणारी नव्हती. आणि कुणाला झोपच लागत नसेल, आठवडेच्या आठवडे काही नकोसं वाटत असेल, तर त्याने डॉक्टरकडे जावं. तांबट तिथे पुरा पडणार नाही.

हा सप्ताह आपण ५ ते १२ नोव्हेंबर असा पाळतो. पाच तारखेला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा तारखेला पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अलींचा. सालिम अलींचं नाव घेतलं की मोठे ग्रंथ आणि मोठे सन्मान डोळ्यांपुढे येतात. मला मात्र त्यांचं १९३० साल आवडतं. मुंबईच्या संग्रहालयात ते मार्गदर्शक-व्याख्याता होते. शिकायला बर्लिनला गेले आणि परत येतात तो पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली. मनासारखी दुसरी नोकरी मिळेना. मग नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. आज आपण शनिवार-रविवार गाठून जातो ते किहीम. तिथे या बेकार माणसाने काय केलं? सुगरणींची घरटी बघत बसला.

आणि बघता बघता कळलं ते असं की घरटं सुगरण बांधतच नाही, नर बांधतो. अर्धवट विणून झालं की लटकून पंख फडफडवतो, माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं तर पुढचं नळीसारखं दार विणून पुरं करतो. नाही पडलं तर ते सोडून दुसरं घ्यायला लागतो. आणि एकीचा संसार मार्गी लागला की हा गडी दुसरीसाठी नवं घरटं सुरू करतो. सगळं विणकाम नराचं आणि नाव मात्र सुगरण! आमच्या घरी याच्या बरोबर उलटा प्रकार आहे, पण तो विषय आज नको. त्या दिवसांत सालिम अलींना पुढची काळजी नसेल असं मला वाटत नाही. काळजी होतीच, पण सकाळी उठून बघायला घरटीही होती.

आता माझी फजिती सांगते. तांबटानंतर बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर असे खिडकीतूनच पंधरा-वीस ओळखीचे झाले. मग कुणीतरी विचारलं, “तुमची लिस्ट किती?” मला लिस्टच नव्हती. केली. वर्षाखेर शंभर करायचे ठरवले. झालं! रात्री दोनला उठून भिगवणला जायचं, थंडीत होडीत कुडकुडायचं, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले की टिक मारायची आणि पुढचा कुठला म्हणून विचारायचं. हजारभर रोहित पाण्यात माना घालून चरत होते आणि मी वहीत डोकं घालून बसले होते. नवरा हळूच म्हणाला, “मार्च एंडिंग चालू आहे वाटतं?” ९७ वर वही बंद केली. ते तीन राहिले ते राहिलेच. आणि इथे आपल्या खाडीत दरवर्षी रोहित येतात. २०१५ पासून ते अभयारण्य आहे, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. तरी आता मला कुणी ‘किती होते’ विचारलं की मी ‘बरेच’ म्हणते. एकतीस वर्षांनंतर ‘बरेच’ म्हणण्यात काय सुख आहे ते दुसऱ्या अकाउंटंटलाच कळेल.

मघाशी एका ताईंनी विचारलं की त्यांना क्रोशे आवडतं, ते चालेल का. चालेल काय, पळेल की! पण ऑर्डरी घेऊ नका. निदान एक रुमाल असा ठेवा जो कुणाला द्यायचा नाही, दाखवायचा नाही, फोटोही टाकायचा नाही. दुसरा प्रश्न दुर्बिणीचा. आठ बाय बेचाळीसची घ्या, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास बेचाळीस मिलिमीटर. पण पहिलं वर्षभर घेऊच नका. ज्यांना दिसायला त्रास होतो त्यांनी कान वापरावेत, तांबटाला तर तेच बरं पडतं. तांबट नोव्हेंबरात बराचसा गप्प असतो, त्यामुळे आज घरी जाऊन तो ओरडत नाही म्हणून मला फोन करू नका. फेब्रुवारी उलटला, ऊन तापलं की सुरू होईल. बरोब्बर मार्च एंडिंगला. सध्या मैदानावर बघा, शेपटी वरखाली करत धोबी तुरुतुरु पळत असेल. तो थंडीचा पाहुणा आहे, नुकताच आलाय.

आणखी एकच. तांबट घरटं करतो ते वाळक्या, मऊ झालेल्या फांदीत, चोचीने भोक पोखरून, बहुतेक वेळा फांदीच्या खालच्या अंगाला. म्हणजे पावसात पाणी आत शिरत नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत झाडं छाटायला माणसं आली. वाळकी फांदी तेवढी आधी काढा, असं सेक्रेटरींनी सांगितलेलं. त्यांचंही बरोबर, खाली गाड्या असतात. मी खाली गेले आणि त्यांना फांदीखाली उभं केलं, वर बघा म्हटलं. रुपयाएवढं गोल भोक. दोन मिनिटं काही नाही. ते घड्याळ बघायला लागले. पाचव्या मिनिटाला त्या भोकातून एक लाल कपाळ बाहेर आलं, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा आत गेलं. सेक्रेटरी काही बोलले नाहीत. दोन गाड्या तेवढ्या पुढे घ्यायला लावल्या. फांदी अजून आहे. सेक्रेटरी हल्ली सकाळी दूध घ्यायला खाली येतात आणि पिशवी हातात धरून बराच वेळ वर बघत उभे असतात. त्यांच्या मिसेसनी परवा मला विचारलं, “हे खाली करतात तरी काय?”