ओहोटीची वाळू आणि व्हीलचेअर

(दापोली तालुक्यात दिव्यांग मुलांचे पालक, शिक्षक, सरपंच आणि घरगुती निवासाची सोय करणारे व्यावसायिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

व्यासपीठावरील मान्यवर आणि मुलांना बरोबर घेऊन घाट उतरून आलेले पालकहो,

दिव्यांग मुलांच्या कुटुंबांना समुद्रकिनाऱ्याची सहल सुखाची व्हावी यासाठी ग्रामपंचायतींनी आणि निवासधारकांनी काय करावे, हे सांगण्यासाठी मला येथे बोलावले आहे. ते मी सांगणार आहेच. मात्र त्याआधी, या मुलांवर उपचार करताना अनेक वर्षे मनात घोळत असलेला एक विचार आपल्यापुढे ठेवते. व्हीलचेअरला वाळूवर जो टणक रस्ता लागतो, तो कोकणचा समुद्र दिवसातून दोनदा स्वतःच तयार करून देतो. आपण मात्र त्या रस्त्याच्या वेळा पाहून सहल आखत नाही.

व्हीलचेअर वाळूत का रुतते हे पालकांना ठाऊक आहे. पुढची दोन चाके लहान आणि अरुंद असतात, त्यांच्यावर आलेला भार अगदी थोड्या जागेत एकवटतो आणि कोरडी वाळू बाजूला सरकून चाकाला आत घेते. ओल्या वाळूत कणांच्या मधले पाणी त्यांना एकमेकांना धरून ठेवते. म्हणून भरतीच्या रेषेवरची वाळू भुसभुशीत असते आणि ओहोटीने नुकतीच उघडी केलेली वाळू सपाट व घट्ट असते. मुरूड, कर्दे, लाडघर येथे पर्यटक याच वाळूवर मोटारी पळवतात. ते चूक आहे, धोक्याचेही आहे, आणि भरती चढू लागल्यावर त्या मोटारी पाण्यात अडकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पण जी वाळू मोटारीचे ओझे पेलते ती तीस किलोच्या मुलाची खुर्ची पेलणार नाही, असे कसे होईल? अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडी जाते, तीही याच तळावरून.

जगात इतरत्र काय चालते ते आपण मोबाइलवर पाहतो आणि हळहळतो. ग्रीसमधील अनेक किनाऱ्यांवर सौरऊर्जेवर चालणारी, रुळांवरून थेट पाण्यात उतरणारी खुर्ची बसवलेली आहे. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक काही सेंटिमीटरांचा असतो, त्यामुळे एकदा रूळ टाकले की पाणी वर्षभर त्यांच्याच टोकाशी राहते. चेन्नईत मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022मध्ये 263 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद असा कायमचा लाकडी मार्ग खुला झाला. तेथील दिव्यांग हक्कांच्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता, आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. मात्र चेन्नईला पाणी जेमतेम मीटरभर चढते-उतरते. मुंबईला उधाणाच्या दिवसांत ते चार-साडेचार मीटर चढते-उतरते आणि दक्षिणेकडे गोव्यापर्यंत हा फरक कमी होत साधारण दोन मीटरांवर येतो. आपल्याकडच्या उथळ, सपाट किनाऱ्यावर एवढ्या फरकाने पाण्याची कड शंभर-दोनशे पावले मागे-पुढे होते. तेथे ग्रीसचे रूळ आणून टाकले, तर अर्धा दिवस ते पाण्याखाली राहतील आणि उरलेला अर्धा दिवस पाण्यापासून दूर. आपल्या समुद्राला आपल्याच समुद्राचा उपाय लागेल, आणि तो त्याच्या वेळापत्रकात आहे.

हे वेळापत्रक समोर बसलेल्या कोळी आणि खारवी बांधवांना मी सांगण्याची गरज नाही. घाटावरून आलेल्या पालकांसाठी सांगते. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. तेथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असलेल्या आजोबांच्या पिढीला हा हिशोब करायला कागद लागत नव्हता, आणि आजही ज्या घरात असे आजोबा आहेत त्या घराने नातवंडाच्या सहलीची तारीख त्यांनाच विचारावी. या हिशोबात ठिकाणाप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात जवळच्या बंदराची वेळ पडताळून पाहावी. आता पाहा: पौर्णिमा आणि अमावास्येला, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाणी सर्वांत दूर जाते आणि ते संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. थंडीच्या महिन्यांत तर संध्याकाळची ओहोटी सकाळच्या ओहोटीपेक्षा सहसा अधिक खोल असते. ऊन उतरलेले, वाळू निवालेली आणि समोर घट्ट, रुंद किनारा! दिव्यांग मुलाच्या कुटुंबाला याहून चांगली वेळ वर्षभरात दुसरी नाही.

मी ज्या कुटुंबामुळे हा हिशोब गंभीरपणे करू लागले, त्यांची हकीकत थोडी विस्ताराने सांगते. सातारा जिल्ह्यातील हे कुटुंब. वडील ट्रक चालवतात, घरात आई, आजी, बारा वर्षांचा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पाय आणि एक हात ताठर, बुद्धी अतिशय तल्लख. पौर्णिमेला जोडून सुट्टी आली, तेव्हा ते कोकणात आले. निघण्यापूर्वी वडिलांनी निवासाच्या ठिकाणी दूरध्वनी करून विचारले होते आणि "रॅम्प आहे" असे उत्तर मिळाले होते. रॅम्प होता, तो अंगणातून जेवणघरापर्यंत होता. मागच्या फाटकापासून किनाऱ्याकडे जाताना आधी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या पायऱ्या आणि मग सुरूच्या बनातून कोरड्या वाळूचा पट्टा. वेळ दुपारी बाराची. भर उधाण, त्यामुळे घट्ट वाळू सगळी पाण्याखाली आणि लाटा थेट भुसभुशीत वाळूला लागलेल्या. वडिलांनी मुलाला खांद्यावर घेतले. पाय रुतत, तोल सावरत ते थोडे पुढे गेले आणि त्यांनी मुलाला खाली बसवले. वाळू तापलेली होती. चटका बसताच मुलाचे सगळे स्नायू ताठरले आणि तो कळवळला. त्याला पुन्हा उचलून गाडीत आणले.

त्यानंतर जे झाले ते येथे बसलेल्या बहुतेक पालकांनी अनुभवलेले असेल. कुटुंबाने पाळ्या लावल्या. आधी वडील आणि मुलगी पाण्यावर, आई आणि मुलगा गाडीत. मग आई मुलीजवळ, वडील गाडीत. आजी तर गाडीतून उतरल्याच नाहीत. दुपारी तीनला ते परत निघाले. समुद्राच्या त्या सहलीचे एकही छायाचित्र असे नाही ज्यात पाचही जण आहेत. आई मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या मनात मुलाइतकेच मुलीचे दुःख होते, कारण दर वेळी भावाशिवाय खेळताना आपण काही चुकीचे करत आहोत असे त्या लहान मुलीला वाटू लागले होते. सुगम्य किनाऱ्याविषयी बोलताना आपण दिव्यांग मुलाचा विचार करतो. भावंडांचा, आजी-आजोबांचा आणि मुलाला उचलून पाठ कायमची दुखावलेल्या आईचा विचार त्यात आला पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

मी त्यांना इतकेच विचारले की, तुम्ही संध्याकाळपर्यंत का थांबला नाहीत? त्या दिवशी अडीच तासांनी तोच किनारा त्यांना घट्ट आणि मोकळा मिळाला असता. हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. ज्यांच्या घरी ते उतरले होते त्यांना भरती-ओहोटी जन्मापासून ठाऊक होती. पण पाहुण्याच्या व्हीलचेअरशी तिचा काही संबंध आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

पुढच्या हिवाळ्यात हे कुटुंब अमावास्या पाहून पुन्हा आले. कोरड्या पट्ट्यावर गावातल्या दोन तरुणांनी फळ्या टाकल्या, मागच्या फळ्या उचलून पुढे टाकत नेल्या, आणि खुर्ची मागच्या मोठ्या चाकांवर कलती करून उलटी ओढली. हे पालकांनी लक्षात ठेवावे: वाळूत खुर्ची ढकलू नये, मागे कलती करून ओढावी. ओल्या वाळूवर आल्यावर बहिणीने खुर्ची एकटीने फिरवली. पाणी मागे जाताना पाहून तो ट्रकचालकाचा मुलगा म्हणाला, "बाबा, समुद्राने रिव्हर्स टाकलाय!" (हशा) आजीही तेथे होत्या.

एवढे जमूनही एक गोष्ट राहिली. हा मुलगा डायपर वापरतो. अंघोळीसाठी आणि कपडे बदलण्यासाठी तेथील शौचालयात जागाच नव्हती. बारा वर्षांच्या मुलाला ओल्या फरशीवर निजवणे शक्य नव्हते. आईने गाडीच्या मागच्या आसनावर त्याचे कपडे बदलले आणि आजींनी काचेला ओढणी धरली. बारा वर्षांच्या मुलाला लाज असते. पुढच्या सहलीला तो आपणहून "नको" म्हणाला, तो वाळूमुळे नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या मुलांना आणि प्रौढांना निजवून कपडे बदलता येतील असा बाक आणि उचलण्याचे यंत्र असलेल्या शौचालयांसाठी 2006पासून मोहीम सुरू आहे आणि इंग्लंडमध्ये जानेवारी 2021पासून नव्या मोठ्या सार्वजनिक इमारतींत ती बंधनकारक आहेत. आपल्याला उद्याच यंत्र नको. दाराला आतून कडी लागणारी खोली, सहा फूट लांब आणि कमरेइतका उंच मजबूत बाक, वर रेक्झिनची गादी आणि गोड्या पाण्याचा नळ, इतके पुरेसे आहे. गावातला सुतार हा बाक सहज करून देईल.

सगळी दिव्यांग मुले खुर्चीत बसलेली नसतात. स्वमग्न मुलाला लाटांचा आवाज असह्य होऊ शकतो. दुसऱ्याला तोच इतका प्रिय असतो की हात सुटताच तो थेट पाण्याकडे धावतो. अशा मुलाची आधीच जीवरक्षकाशी ओळख करून द्यावी. फेफरे येणाऱ्या मुलाला गुडघाभर पाण्यातही हाताच्या अंतरावर ठेवावे. शिवाय फेफऱ्यावरच्या टोपिरामेटसारख्या काही औषधांमुळे घाम कमी येतो, म्हणून उन्हाची वेळ टाळावी. स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष, असलेल्या मुलांच्या पायांना अनेकदा संवेदना नसते, त्यांना शिंपल्याने कापले किंवा वाळूने भाजले तरी कळत नाही. त्यांच्या पायात बंद बूट हवेत. गळ्यात श्वासनलिकेची नळी असलेल्या मुलाला पाण्यात उतरवूच नये. ओल्या वाळूत बसून समुद्र पाहणे, शिंपले वेचणे हीदेखील पूर्ण सहल आहे. दृष्टिहीन मुलाला पाण्याच्या कडेने दोरी धरून चालू द्यावे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि मुख्य विषयाला दहा मिनिटेही उरलेली नाहीत, म्हणून ग्रामपंचायतींसाठीच्या सूचना भराभर सांगते.

कोरड्या पट्ट्यावरचा मार्ग उचलून ठेवता येईल असाच असावा. पावसाळ्यानंतर टाकावा, मे अखेरीस काढावा. मरीनाच्या मार्गाचे उद्घाटन झाल्यावर पंधरवड्याच्या आत मंदोस चक्रीवादळाने त्याचे नुकसान केले होते, हे आपण विसरू नये. किनारा नियमन क्षेत्राच्या परवानगीची चौकशी आधी करावी. वेळास, आंजर्ले, केळशी येथे कासवे भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूतच अंडी घालतात, म्हणून मार्गाची जागा कासवमित्रांना विचारून ठरवावी.

किनाऱ्याच्या वाटेवर त्या आठवड्याच्या ओहोटीच्या वेळा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहाव्यात आणि पाणी कधी वळते तेही लिहावे, कारण पूर्ण ओहोटीनंतर अर्ध्या तासाच्या आत खुर्च्या परत वर आल्या पाहिजेत. ज्या किनाऱ्याचा उतार तीव्र आहे तेथे हा उपाय लागू नाही. तेथे पाण्याजवळ जाऊच नये.

निवासधारकांनी "सोय आहे" असे मोघम सांगू नये. पायऱ्या किती, दाराची रुंदी किती इंच, न्हाणीघराला उंबरठा आहे का, हे सांगावे आणि छायाचित्रे पाठवावीत. खरे उत्तर "नाही" असले तरी पालक त्याचा राग मानत नाहीत. खाऱ्या पाण्यातून आलेली खुर्ची त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवून तिला तेल देण्याची व्यवस्था ठेवावी, नाहीतर चाकांची बेअरिंग गंजतात.

आणि हे उपकार म्हणून करायचे नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर भारताने 2007मध्ये शिक्कामोर्तब केले, त्याच्या तिसाव्या कलमात दिव्यांग मुलांचा खेळ आणि विरंगुळ्यातला समान वाटा स्पष्ट लिहिला आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातही करमणुकीचा हक्क आहे. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले की, सुगम्यतेचे किमान निकष शिफारशी म्हणून न ठेवता बंधनकारक असले पाहिजेत. निधीच्या अर्जाला या तिन्हींचा आधार जोडावा.

येत्या त्रिपुरी पौर्णिमेला आपण प्रत्यक्ष सुरुवात करू. दुपारी साडेचारला किनाऱ्यावर जमायचे आणि सव्वासहाला सर्वांनी वर यायचे. फळ्या शाळेतून मिळणार आहेत, बाकाचे काम सरपंचांनी घेतले आहे. खुर्ची ओढण्यासाठी प्रत्येक मुलामागे दोन तरुण लागतील. त्यांची आणि येणाऱ्या कुटुंबांची नावे दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावीत, आणि मुलाला फेफरे येत असल्यास किंवा डायपर बदलण्याची सोय लागणार असल्यास नावापुढे तसे नमूद करावे.