पुढचं चाक आडवं झालं तेव्हा

[दृश्य: कॉकपिटचं मधलं पॅनेल, गिअरची दांडी]

विमानाने जमीन सोडली की पहिलं काम ठरलेलं. उंची वाढतेय हे मीटरवर दिसलं की एक वैमानिक ‘पॉझिटिव्ह क्लाइंब’ म्हणतो. विमान ज्याच्या हाती आहे तो ‘गिअर अप’, म्हणजे चाकं वर, म्हणतो आणि पहिला दांडी वर करतो. एअरबस ए-320 मध्ये तीन हिरवे त्रिकोण विझतात, लाल खुणा उमटतात आणि चाकं वर जाऊन अडकली की त्याही जातात. सगळा काही सेकंदांचा मामला.

21 सप्टेंबर 2005. जेटब्लू या अमेरिकी विमान कंपनीची 292 क्रमांकाची फ्लाइट कॅलिफोर्नियातल्या बरबँकहून न्यूयॉर्कला निघाली. विमान ए-320, आत 140 प्रवासी आणि 6 कर्मचारी. उडाल्या उडाल्या पडद्यावर संदेश आला: पुढच्या चाकाच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये बिघाड. पाठोपाठ दुसरा: पुढचं चाक वळवणारी यंत्रणा बिघडली आहे. चाकं आत घेता येईनात.

आता विमान कोण उडवणार आणि बिघाड कोण बघणार, हे आधी ठरायला हवं. फर्स्ट ऑफिसर उडवत होता, तो उडवतच राहिला. कॅप्टन स्कॉट बर्क यांनी संदेश आणि मॅन्युअल आपल्याकडे घेतलं. ही वाटणी किरकोळ नाही. 1972 मध्ये मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात पुढच्या चाकाचा दिवा का लागत नाही, हे शोधण्यात सगळं कॉकपिट गुंतलं. उंची धरून ठेवणारा ऑटोपायलट सुटल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि विमान दलदलीत कोसळलं. 101 माणसं गेली. दिव्याचा बल्ब उडाला होता, एवढंच.

292 चे वैमानिक कॅलिफोर्नियातल्याच पामडेलवर 14,000 फुटांवर घिरट्या घालू लागले. चाकं बाहेर असताना ए-320 ला 280 नॉटच्या (ताशी सुमारे 520 किलोमीटर) वर जाता येत नाही. शिवाय बाहेर लोंबणाऱ्या चाकांमुळे इंधन भराभर जळतं, म्हणजे न्यूयॉर्कचा विषयच संपला. कॅप्टनना मॅन्युअलमध्ये एक ओळ सापडली: पुढची चाकं 90 अंशांत अडकलेली असू शकतात. खात्री करायला त्यांनी लाँग बीच विमानतळाच्या कंट्रोल टॉवरजवळून कमी उंचीवरून विमान नेलं. टॉवर, जमिनीवरचे कर्मचारी आणि वर असलेलं एका वाहिनीचं हेलिकॉप्टर, तिघांचं म्हणणं एकच पडलं. चाकं आडवी.

[दृश्य: नोज गिअर, जवळून]

उतरायला लॉस एंजेलिस निवडलं. सुमारे 11,000 फुटांची धावपट्टी आणि आग विझवण्याची चांगली व्यवस्था. पण लगेच उतरायचं नव्हतं. ए-320 मध्ये इंधन हवेत सोडून देण्याची सोयच नसते, ते जाळावं लागतं. वजन कमी तर वेग कमी, आणि वेग कमी तर चाकांवरचा मारही कमी. म्हणून जवळपास तीन तास घिरट्या. अर्थात यालाही मर्यादा आहे. 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-8 विमान गिअरची शंका फेडत पोर्टलंडजवळ सुमारे तासभर फिरत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण दगावले. त्यानंतर कॉकपिटमधल्या सहकार्याचं प्रशिक्षण अमेरिकेत गांभीर्याने सुरू झालं.

केबिनमध्ये पहिल्या तीन रांगा रिकाम्या केल्या आणि प्रवाशांना मागे बसवलं. वजन मागे सरकलं की नाक जास्त वेळ वर राहतं. आपत्कालीन दारांशी धडधाकट माणसं बसवली. सीटसमोरच्या टीव्हीवर लोक आपल्याच विमानाची बातमी बघत होते. उतरण्याआधी ते टीव्ही बंद केले, आणि ते बरंच झालं.

शेवटी विमान कॅप्टननी हाती घेतलं. मागची चाकं 120 नॉटला टेकली. ऑटोब्रेक नाही, इंजिनाचा झोत उलटा फिरवणारा रिव्हर्स थ्रस्ट नाही, पंखांवर उभे राहून वेग मोडणारे स्पॉयलरही नाहीत. यातल्या कशानेही नाक खाली आपटू शकलं असतं. नाक धरून ठेवायचं, पण नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या एलिव्हेटरमध्ये जोर आहे तोवरच. वेग फारच उतरला तर ते स्वतःहून धाडकन पडतं. पायाने ब्रेक 90 नॉटला, इंजिनं बंद 60 नॉटला. आडवे टायर फाटले, रिम घासत गेल्या, ठिणग्या आणि ज्वाळा निघाल्या. नाक मात्र मधल्या रेषेवरून जवळजवळ हललं नाही. आग नाही हे टॉवरने सांगितलं आणि प्रवासी जिन्याने उतरले. घसरगुंड्या उघडल्याच नाहीत. घाईने उघडल्या की त्यावरच माणसं जखमी होतात.

बिघाडाचं मूळ धातूच्या थकव्यात होतं. चाक आडवं वळू नये म्हणून गिअरच्या वरच्या भागात धातूचे चार कान असतात, त्यातले दोन तुटले होते. दर वेळी उतरण्याआधी चाक वळवणारी यंत्रणा ते थोडं इकडेतिकडे वळवून स्वतःची चाचणी घेते. त्याच चाचण्यांच्या ताणाने हे कान कमकुवत होत गेले. त्यात संगणकाची आखणीही अशी होती की चाक पुन्हा सरळ होऊ शकलं नाही.

चाकं खालीच येत नसतील तर प्रकरण वेगळं. ए-320 मध्ये दोन वैमानिकांच्या मधल्या कन्सोलवर एक हँडल असतं. ते तीन पूर्ण फेरे फिरवलं की हायड्रॉलिक दाब (चाकं हलवणारा तेलाचा दाब) तुटतो, कुलपं सुटतात आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडतात. बोइंग 767 मध्ये हेच काम विजेच्या मोटारीने होतं. 1 नोव्हेंबर 2011 ला लॉट या पोलंडच्या कंपनीच्या 767 मध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्कहून निघताच मधल्या हायड्रॉलिक यंत्रणेची गळती झाली. वॉर्सात पर्यायी व्यवस्थाही चालली नाही. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी विमान पोटावर उतरवलं आणि 231 जण सुखरूप बाहेर आले. नंतर विमान उचलून आत बघितलं तर सी-829 नावाचा सर्किट ब्रेकर (वीजपुरवठा तोडणारी कळ) बाहेर आलेला. तो कॉकपिटच्या तळाशी होता. तो आत दाबल्यावर चाकं मुकाट खाली आली.