पाठीवरचे मीठ

[दृश्य : गोव्याच्या पेडणे तालुक्यातील आगरवाडो. सकाळ. मिठागराच्या चौकोनी वाफ्यांत आकाशाचे प्रतिबिंब.]

शापोरा नदीच्या काठावरील या गावाच्या नावातच आगर, म्हणजे मिठागर, आहे. भरतीचे खारे पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातील झडपेच्या, दारातून आत घेतले जाते आणि प्रथम मोठ्या, खोल खाचरांत साठवले जाते. ऊन आणि वारा यांनी ते तेथे घट्ट होत जाते आणि मग टप्प्याटप्प्याने उथळ वाफ्यांत सोडले जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातील साधारण नऊ-दशांश पाणी वाफ होऊन निघून गेले की मिठाचे कण धरू लागतात. वाफ्याचा तळ हंगामाच्या आरंभी चिखल पायांनी तुडवून आणि चोपून पक्का केलेला असतो, त्यामुळे पाणी खाली मुरत नाही आणि त्याला जाण्यासाठी वरची वाट तेवढी उरते. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ कडेला ओढले जाते, त्याची रास घातली जाते आणि निथळल्यावर ते टोपलीतून बांधावर येते. हे काम आम्ही लागोपाठ तीन दिवस चित्रित केले. वास्तविक आम्ही मिठासाठीच आलो होतो.

[जवळचे दृश्य : वाकलेल्या कामगाराची पाठ.]

हा निळा सदरा पाहा. दोन्ही खांद्यांच्या मध्ये एक पांढरी, नागमोडी रेघ उमटली आहे. तिच्याखाली बोटभर अंतरावर दुसरी रेघ आहे, आणि कमरेपाशी तिसरी. वाफ्यातले पाणी आटताना कडेला जशा रेघा राहतात, तशाच या आहेत. सकाळपासून तीनदा घाम आला आणि तीनदा वाळला, त्याचा हा हिशेब आहे. ज्या वाऱ्याने वाफ्यातले पाणी नेले, त्यानेच या माणसाच्या अंगातलेही नेले.

मिठागरावर निदान वारा असतो. गावात, झाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली तोही नसतो. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला पोहोचतो, तेव्हा पणजीचा तेहतीस-चौतीस अंशांवर असतो, आणि म्हणून गोव्यातला उन्हाळा सौम्य आहे, असा समज पर्यटकांनी करून घेतला आहे. आपणही तो मुकाट्याने मान्य केला आहे. घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवाच दमट असेल, तर घाम वाळण्याऐवजी ओघळून जमिनीवर पडतो. अशा वेळी पाणी आणि मीठ दोन्ही जातात, मात्र अंगातील उष्णता अंगातच राहते. कष्टाचे काम करणाऱ्याचा असा घाम तासाला लिटरभर, प्रसंगी त्याहूनही अधिक जाऊ शकतो.

[दृश्य : बांधावर ठेवलेली कळशी, वर उपडा पेला. कोणीही तिच्याकडे वळत नाही.]

तहान लागली का, असे आम्ही येथे काम करणाऱ्या एका बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी मान हलवून नाही म्हटले, आणि ते खरेच होते. रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढले की मेंदूतील हायपोथॅलॅमस तहान जागी करतो. परंतु ती स्पष्ट जाणवेपर्यंत शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्के पाणी गेलेले असते. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत हे पाणी ६०० मिलिलिटरपासून सव्वा लिटरच्या घरात जाते. उतारवयात तहानेची जाणीव आणखी मंद होते. उन्हात श्रम करणाऱ्यांनी तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, असे अमेरिकेतील नायोश ही श्रमिकांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था सांगते. येथे ती कळशी बांधाच्या एका टोकाला आहे आणि काम दुसऱ्या टोकाला.

[दृश्य : दहाचा सुमार. झाडाच्या सावलीत डबे उघडतात.]

दहा वाजता मात्र सगळे थांबतात, कारण ही पेजेची वेळ आहे. डब्यात उकड्या तांदळाची पातळ पेज आहे, तिच्यात बोटांनी चिमूटभर मीठ सोडले जाते, आणि तोंडी लावायला चेपणीचे तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कोवळी कैरी आहे. डबा तोंडाला लावून पेज पितानाचा हा आवाज आम्ही मुद्दाम कमी केलेला नाही.

पेजेला गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते रुग्णांना तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या आत आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. यामागचे तत्त्व असे की, लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून शोषले जातात, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. तांदळाच्या पिष्टापासून पचनात ग्लुकोजच तयार होते, म्हणून पुढे तांदळाच्या पिठाची जलसंजीवनीही वापरली गेली. पेजेतील मीठ कोणी मोजून घालत नाही, तेव्हा ती जुलाबावरचे औषध ठरत नाही. घाम गाळणाऱ्या माणसाला मात्र पाणी, मीठ आणि पिष्ट एकाच डब्यातून मिळते, आणि हे आमच्या आज्यांना कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते.

[दृश्य : कोकमाचे आगळ पाण्यात पडते. लाल रंग पसरतो.]

भिरंडांचे, म्हणजे कोकमांचे, खारवलेले आगळ, फुटी कढी, म्हणजे कोकमाची पातळ कढी, आणि आडसराचे, म्हणजे शहाळ्याचे, पाणी हे त्याच घराण्यातले आहेत. उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, त्यांच्या पंगतीला बसत नाही, कारण मद्याने लघवी वाढते आणि अंगातले पाणी उलट कमीच होते. उच्च रक्तदाब असलेल्यांनी मीठ, तसेच मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी पाणीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच वाढवावे.

पाणी सतत कमी पडत राहिल्यास मूतखडा, चक्कर, मूत्रपिंडांवर ताण आणि टोकाला उष्माघात अशी ही वाट जाते. लघवी गडद पिवळी होणे ही तिची पहिली खूण आहे. हॉटेलांच्या भटारखान्यांत आणि इमारतींच्या बांधकामांवर आम्हांला कॅमेरा नेता आला नाही. तेथे पेजेची सुट्टी मिळते का, हे या चित्रफितीत दिसणार नाही.

[दृश्य : दुपार. निळा सदरा बांधावरच्या काठीवर वाळत आहे. निवेदन नाही, केवळ वाऱ्याचा आवाज.]

तिसऱ्या दिवशी त्या बाईंनी कळशी उचलून कामाच्या वाफ्यापाशी आणून ठेवली. तिच्यावर ओले फडके होते.

[दृश्य : हात पुसून पेला भरला जातो. मागे मानशीतून भरतीचे पाणी आत येत आहे.]