साथीचा कायदा आणि पोलिसांची काठी

श्रोतेहो, नमस्कार. २०२० च्या एप्रिलमधला आपल्या इंदूरचा सराफा आठवा: रात्री एकही दिवा नाही, आणि राजवाड्यापाशी फक्त पोलीस.

त्या पोलिसांच्या हाती जो साथरोग अधिनियम होता, तो १८९७ साली मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी अवघ्या चार कलमांत केलेला होता. त्याच साली पुण्यात रँडच्या अमलाखाली घरांच्या झडत्या कशा झाल्या, हे मराठी घरांत सांगावे लागत नाही. या अधिनियमाचे शेवटचे कलम सद्भावनेने कारवाई करणाऱ्याला संरक्षण देते. पण ज्याच्यावर अन्याय होईल त्याने दाद कोठे मागावी, याविषयी तो कायदा एक शब्दही बोलत नाही.

टाळेबंदीचा भंग हा तेव्हा दंड संहितेच्या कलम १८८ खालील गुन्हा होता, आणि आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालयाला त्याची दखल घेता येत नव्हती. भर रस्त्यात उठाबशा काढायला लावणे किंवा पोटऱ्यांवर काठी मारणे ही शिक्षा कोणत्याही कलमात नव्हती, आजही नाही.

याच शहरात १ एप्रिल २०२० रोजी टाटपट्टी बाखलमध्ये आरोग्य पथकावर दगडफेक झाली, तीही विसरता येणार नाही. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी ७ वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणारा केंद्राचा अध्यादेश २२ एप्रिलला निघाला, म्हणजे तीन आठवड्यांत, आणि तो योग्यच होता. उलट पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजीच दिलेला होता; महामारी आली तेव्हा त्याला १३ वर्षे उलटून गेली होती.

इंदूरसाठी हा प्रश्न आता अधिक निकडीचा आहे, असे मला वाटते. डिसेंबर २०२१ पासून येथे पोलीस आयुक्तालय आहे, आणि प्रतिबंधात्मक आदेशांचे जे अधिकार पूर्वी कलेक्टरांकडे होते ते आयुक्तांकडे आले आहेत. म्हणजे आदेश काढणारे, तो मोडला म्हणून पकडणारे आणि न्यायालयात लेखी तक्रार देणारे, तिघेही एकाच खात्यातले असू शकतात. अशा वेळी मार खाल्लेल्या फेरीवाल्याने आपली तक्रार त्याच खात्याच्या खिडकीवर नेऊन द्यावी, ही अपेक्षा न्याय्य नाही. त्याला खात्याबाहेरचे दार हवे, आणि ते कोठे आहे याची पाटी प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर हवी.